शाळूचं माप आणि वाळूतलं पाणी

धान्य मोजायचं काम आमच्याकडे आजीचं. पाटण तालुक्यातलं घर, ओसरीत शाळूची रास, आजी मांडी घालून बसलेली आणि हातात लोखंडी शेर. पहिलं माप टाकताना "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन. आणि एक नियम एकदम कडक, माप हलवायचं नाही. कोणी उसनं न्यायला आलं आणि शेर भरता भरता त्याला दोन हिसके दिले, कडेला चापट मारली, की आजी मनगटच धरायची. "हिंदकळू नको गं, वतायचं आन शीग लावायची." कारण हलवलेल्या मापात मूठभर जास्त बसतं. वरची शीग बघता बघता खाली जाते, शेर सपाट होतो, परत शीग लावायची तर अजून एक मूठ शाळू लागतो. दाणे तेच, शेर तोच, दाण्यांनी फक्त आपापसात जागा बदलून घेतलेली असते.

मी गेली पंधराएक वर्षं जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती आणि पायाच्या इंजिनिअरिंगमध्ये, काम करते. त्यातला बराच वेळ भूकंपात वाळूतल्या पाण्याचा दाब किती वाढेल हे काढण्यात जातो, आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या विषयाचं मूळ मला त्या एका मुठीत दिसतं. म्हणून आधी तीच सांगितली.

आता असं समजा की शेरात शाळूऐवजी वाळू आहे, दाण्यांमधल्या फटी पाण्याने गच्च भरलेल्या आहेत, आणि वरून झाकण लावलंय. आता हलवा. दाण्यांना बसायचंय, पण बसायला जागा हवी आणि जागा पाण्याने अडवलेली. पाणी दाबून लहान होत नाही. बाहेर पडायला वेळ हवा, आणि भूकंप तेवढा वेळ देत नाही, बारीक वाळूतून पाणी निथळायला काही मिनिटं लागतात आणि धक्का वीस-तीस सेकंदांचा. मग दाणे जे ओझं एकमेकांच्या अंगावर पेलत होते ते हळूहळू पाण्याच्या अंगावर यायला लागतं. ह्यालाच आम्ही पोअर प्रेशर वाढणं म्हणतो.

आकडे घालून बघितलं की जास्त कळतं. जमीन पाण्याने भरलेली आहे, पाच मीटर खोलीवरचा एक चौरस मीटर घ्या. त्याच्यावर माती आणि पाणी धरून साधारण साडेनऊ टन ओझं असतं. त्यातलं पाच टन पाणी स्वतःच पेलतं, कारण वर पाच मीटर पाणी उभं आहे. उरलेलं साडेचार टन दाण्यांवर. वाळूची सगळी ताकद ह्या साडेचार टनातूनच येते, दाणा दाण्याला घासतो तो ह्याच्या जोरावर. कार्ल टेरझागी यांनी १९२०च्या दशकात हे मांडलं, एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा, उरतो तो इफेक्टिव्ह स्ट्रेस, आणि माती फक्त त्यालाच ओळखते. एवढं एक वाक्य, मातीचं आख्खं इंजिनिअरिंग त्याच्यावर उभं आहे. भूकंपात पाण्याचा दाब आणखी साडेचार टनाने चढला की दाण्यांवर शून्य उरतं. वाळू जागच्या जागी, पण तिच्यात आता पाय ठेवण्याइतकाही जोर नाही. त्या खोलीवर नळी घातली तर पाणी जमिनीच्या वर साडेचार मीटर चढून उभं राहील. जमिनीतून वाळूचे फवारे उडतात ते ह्याच्यामुळे.

जपानमध्ये निगाता शहरात १६ जून १९६४ला हे सगळ्या जगाने बघितलं. शिनानो नदीच्या काठची सैल वाळू, त्याच्यावर कावागिशी-चो भागातल्या चार मजली सरकारी वसाहतीच्या इमारती. त्या पडल्या नाहीत, फुटल्या नाहीत, नुसत्या कलत गेल्या, एक तर जवळजवळ पाठीवर आडवी झाली. फोटो आहेत, खिडक्या आभाळाकडे आणि काँक्रीटला साधी मोठी भेगसुद्धा नाही. इमारत बांधणाऱ्याने सगळं बरोबर केलं होतं. खालच्या मातीने हात काढून घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्कात मोठा भूकंप झाला होता, तिथेही माती वाहिली. ह्या दोन भूकंपांनंतर हा विषय खरा सुरू झाला. आणि योगायोग बघा, आपल्याकडे कच्छच्या रणात १८१९ साली जो प्रचंड भूकंप होऊन अल्लाबंद नावाचा जमिनीचा लांब उंचवटा वर आला, त्याची तारीखसुद्धा १६ जूनच.

तर मॉडेलिंग. मॉडेल म्हणजे तरी काय, किती हलवलं की किती दाब, हा हिशोब. हा हिशोब करायच्या पद्धती ढीगभर आहेत, पण माझं ज्याच्यावर मनापासून प्रेम आहे ती १९७५ची, जेफ मार्टिन, लियाम फिन आणि बोल्टन सीड यांची. त्यांनी विचारलं काय, तर हीच वाळू कोरडी असती तर एका हिसक्याला किती खचली असती? तेवढं मोजा. मग पाणी भरलेल्या वाळूला तेवढं खचता येत नाही, पण खचायची ओढ तेवढीच आहे. ती कुठे जाणार? दाणे वरच्या ओझ्याने एकमेकांवर आवळून बसलेले असतात, ओझं थोडं उतरलं की आवळलेपण सुटतं आणि ते किंचित फुगतात. म्हणून प्रत्येक हिसक्याला दाण्यांवरचं ओझं नेमकं एवढं उतरतं की फुगणं आणि राहून गेलेलं खचणं यांची फिट्टंफाट व्हावी, आणि उतरलेलं ओझं पाण्याच्या नावावर चढतं. बास. कोरड्या वाळूचं खचणं मोजून ओल्या वाळूतला दाब काढला! मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा एम.टेक.ला होते, हॉस्टेलच्या खोलीत रात्री, आणि मला एकदम आजीचा शेर आठवला, ती सपाट झालेली शीग आठवली. जी मूठ आत बसायला हवी होती पण पाण्याने बसू दिली नाही, ती मूठ म्हणजे हा दाब. त्यांच्या समीकरणात हेही आहे की वाळू आधी जेवढी बसलीय तेवढा पुढचा हिसका तिला कमी बसवतो. आजीला विचारलं असतं तर तिने हे तोंडपाठ सांगितलं असतं, पहिल्या दोन हिसक्यांनाच शीग खाली जाते, नंतर कितीही हलवा.

लॅबमधलं मात्र शांतपणे सांगण्यासारखं आहे. सायक्लिक ट्रायएक्सिअल म्हणजे वाळूचा नमुना आलटून पालटून दाबायची-ओढायची चाचणी. तिचा नमुना करायचा म्हणजे पातळ रबराच्या पिशवीत नरसाळ्यातून कोरडी वाळू सोडायची, नरसाळं गोल गोल फिरवत आणि वाळूपासून कायम तेवढ्याच उंचीवर ठेवत, कारण उंची वाढली की वाळू दाट बसते. हात थरथरला, टेबलाला कोपर लागलं, की नमुना फुकट, परत पहिल्यापासून. मग खालून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तो हवेला हुसकावतो आणि नंतर पाण्यात सहज विरघळतो. मग हवा काढलेलं पाणी, थेंब थेंब. मग बाहेरचा आणि आतला दाब टप्प्याटप्प्याने चढवत राहायचं आणि बी व्हॅल्यू तपासायची, म्हणजे बाहेरून दाब वाढवला तर त्यातला किती आत पाण्यात पोचतो. ०.९५च्या वर पोचली की नमुना पूर्ण भरला असं धरायचं. एखादा बुडबुडा जरी राहिला तरी तो दबतो आणि खरा दाब लपवतो. ह्या सगळ्यात माझा दिवस जायचा, कधी दीड दिवस. आणि मग मशीन चालू केलं की पंधरा-वीस सेकंदांत खेळ संपला. पहिले काही फेरे नमुना ताठ उभा, वरचा दांडा खालीवर होतोय, काही हालत नाही, आणि स्क्रीनवर पाण्याच्या दाबाची रेघ मात्र पायरी पायरी वर. मग एका फेऱ्यात पिशवी मध्येच बारीक झाली, कंबर आल्यासारखी, पुढच्या फेऱ्यात फुगली, आणि दिवसभर दगडासारखा ताठ असलेला नमुना पिशवीत भरलेल्या पातळ पिठासारखा लोंबायला लागला. मी काचेला नाक लावून बघत होते. ताठ आणि पातळ यांच्यात एका फेऱ्याचं अंतर होतं, आणि ते बघून मला भीती वाटली होती, आजही आठवली की वाटते.

त्या पायरी पायरी चढणाऱ्या रेघेलासुद्धा सीड यांच्याच बर्कलीच्या गटाने एक सोपं सूत्र दिलंय. समजा दहा फेऱ्यांत वाळू पातळ होणार आहे. दाण्यांवरचं ओझं पूर्ण उतरवणारा दाब म्हणजे शंभर टक्के धरला, तर सूत्राप्रमाणे पाच फेऱ्यांनंतर दाब साधारण बेचाळीस टक्के झालेला असतो. नऊ फेऱ्यांनंतर पंचाहत्तरच्या आसपास. राहिलेला पाव हिस्सा एकट्या शेवटच्या फेऱ्यात. म्हणजे मधली बहुतेक वाट संथ चढाची आणि शेवटी एकदम कडा. कारण दाब चढत गेला की वाळू मऊ होत जाते, मऊ झाली की तोच धक्का तिला जास्त हलवतो, जास्त हलली की आणखी दाब. आणि म्हणूनच भूकंप किती जोरात झाला एवढंच विचारून चालत नाही, किती वेळ चालला हे विचारावं लागतं. ७.५चा भूकंप म्हणजे सरासरीने पंधरा मोठे फेरे धरतात, सहाच्या आसपासचा म्हणजे पाच-सहा. आपला कोयनेचा किंवा किल्लारीचा भूकंप दुसऱ्या गटातला, आणि खाली बहुतेक काळा कातळ आणि त्याच्यावर चिकण काळी माती, सैल ओली वाळू नाही, म्हणून आपल्याकडे घरं पडली, माणसं गेली, पण जमीन पातळ झाली नाही. बिहारमध्ये १५ जानेवारी १९३४ला नेमकं उलटं, मोतिहारी-सीतामढीपासून पूर्णियाकडे पसरलेल्या पट्ट्यात गंगेच्या मैदानातली बारीक वाळू, वर आलेलं भूजल आणि आठच्या आसपासचा भूकंप. शेतंच्या शेतं वर आलेल्या वाळूखाली गेली, घरं मातीत रुतली.

कोयनेचं नाव आलं तर एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आजी सांगायची की आधी गोठ्यातली जनावरं दावं ओढायला लागली आणि मग आढ्यातून माती गळायला लागली. तो भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. त्याचं स्पष्टीकरण बघाल तर तेच टेरझागींचं समीकरण, शिवाजीसागराचं पाणी खोल कातळाच्या भेगांत दाब वाढवतं, आधीपासून ताणलेल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना दाबून धरतात तो जोर कमी होतो आणि भेग सरकते. माझ्या कामात भूकंपामुळे पाण्याचा दाब वाढतो, माझ्या गावात पाण्याच्या दाबामुळे भूकंप झाला. हे मला नोकरीला लागल्यावर कधीतरी लक्षात आलं आणि त्या दिवशी मी घरी फोन करून बाबांशी तासभर बोलत बसले होते.

आता जे सांगायला बसले ते. पाण्याच्या दाबाचं घड्याळ वेगळं असतं. धक्का थांबला म्हणजे दाब थांबला असं होत नाही.

कॅलिफोर्नियात लोअर सॅन फर्नांडो नावाचं मातीचं धरण होतं, पाण्याबरोबर माती वाहून आणून भरलेलं. ९ फेब्रुवारी १९७१च्या पहाटेच्या भूकंपात त्याचा पाण्याच्या बाजूचा उतार माथ्यासकट सरकून आत गेला. पाणी आणि उरलेला माथा यांच्यात दीड मीटर राहिलं होतं, आणि खाली राहणाऱ्या ऐंशी हजार माणसांना घरं सोडायला लावली. पण नोंदी तपासल्यावर जे निघालं ते असं, धरण हलत असताना सरकलं नाही, जोराचं हलणं थांबल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने सरकलं. आत पातळ झालेल्या वाळूतला दाब शेजारच्या, अजून ताठ असलेल्या मातीत पसरत गेला आणि तिचीही ताकद खाल्ली.

दुसरं उदाहरण वाइल्डलाइफ साइट नावाच्या जागेचं, कॅलिफोर्नियातच, इंपिरियल व्हॅलीत अलामो नदीकाठी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १९८२ला तिथे जमिनीत पायझोमीटर, म्हणजे पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं, पुरून ठेवले, आणि पाच वर्षं वाट बघितली. नोव्हेंबर १९८७मध्ये ६.२चा एक भूकंप झाला, दाब जवळपास हललाही नाही. जेमतेम बारा तासांनी, २४ नोव्हेंबरला, ६.६चा दुसरा आला. खऱ्या जमिनीतली वाळू भूकंपात पातळ होताना पहिल्यांदाच अशी नोंदली गेली. त्या आलेखात वरची रेघ जमिनीच्या हलण्याची आहे, ती जोरात नाचून शांत होत जाते, आणि खालची दाबाची, ती वरची शांत होत असतानाही चढतच राहते, धक्क्याचा जोर ओसरून बराच वेळ झाला तरी. काही जणांनी नंतर शंका घेतली की पायझोमीटरच मंद असतील, त्यावर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, उपकरणाची शहानिशा केल्याशिवाय आलेखावर जीव टाकू नये. पण ही नोंद आल्यापासून सगळ्या मॉडेल करणाऱ्यांची ती परीक्षा झाली, तुमचं मॉडेल घ्या, वाइल्डलाइफचा धक्का द्या, बघू दाब किती आणि कधी येतो.

हा "कधी" अवघड आहे. मॉडेलात वाळू दर हिसक्याला किती खचू बघते हे हवंच, पण पाणी कुठून कुठे किती वेगाने जातं हेही हवं, दोन्ही एकदम. जपानमध्ये कोकुशो यांनी पारदर्शक नळीत सैल वाळू भरून मध्ये सिल्टचा, म्हणजे वाळूहून बारीक गाळाचा, एक पातळ थर ठेवला आणि धक्का दिला. खालची वाळू बसायला लागली, सुटलेलं पाणी वर आलं, सिल्टपाशी अडकलं, आणि तिथे निव्वळ पाण्याचा पापुद्रा तयार झाला, हलणं संपून गेल्यावरही राहिलेला. वरची माती म्हणजे पाण्यावर ठेवलेली लादी. उतार जरासा जरी असला तरी ती घसरणार.

आपल्याकडे रोजच्या कामात काय होतं? बोअरिंगवाले साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून टाकतात, नळी शेवटचे तीस सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ती एन व्हॅल्यू. ती घेऊन आयएस १८९३ ह्या भूकंपासाठीच्या भारतीय मानकातल्या रीतीप्रमाणे, जी मुळात सीड आणि इद्रिस यांच्या १९७१च्या पद्धतीवर उभी आहे, खोलीगणिक एक तक्ता करायचा आणि शेवटच्या रकान्यात फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे मातीची ताकद भागिले भूकंपाचा जोर. एकच्या खाली धोका, एकच्या वर पास. ही पद्धत चांगली आहे, तिने जगभर असंख्य जागा वाचवल्या असतील, मी तिच्याविरुद्ध नाही. पण १.१ आलं म्हणजे दाब वाढलाच नाही असं नसतं, बऱ्याचदा तो अर्ध्याच्या आसपास चढलेला असतो, आणि त्या तक्त्यात वेळेचा रकानाच नाही. कितीतरी रिपोर्टमध्ये मी तोच तक्ता, तेच दोन परिच्छेद, साइटचं नाव तेवढं बदललेलं बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण खाली कोणीतरी राहणार असतं.

चूक माझ्याकडूनही झालीय. कच्छच्या किनाऱ्याजवळ एका मोठ्या टाकीचं काम होतं, मी तेव्हा नवीनच. भुजच्या २००१च्या भूकंपात कच्छमधले चांग, तप्पर, रुद्रमाता असे कितीतरी मातीचे बांध खचले होते, दुष्काळामुळे तलावात पाणी कमी होतं म्हणून खालची गावं वाचली, त्यामुळे तिथे काम करायचं म्हणजे मी फार जपून होते, महिनाभर वाळूचे पॅरामीटर जुळवत बसले. वर भराव, मग वाळू, मग साधारण मीटरभर चिकणमातीचा थर, त्याच्याखाली परत सैल वाळू. दगडी कॉलम, म्हणजे जमिनीत उभे भरलेले खडीचे खांब, वरच्या वाळूपुरते धरले होते, चिकणमातीवर टेकवून. मॉडेल चालवलं, चाळीस सेकंदांचा धक्का, खालच्या वाळूत दाब वाढला पण शंभराला पोचला नाही, मी रिपोर्ट लिहून वरिष्ठांकडे दिला. त्यांनी पानं उलटली, दाबाच्या आलेखावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही रेघ चाळिसाव्या सेकंदाला वर जातानाच संपलीय. पुढे कुठं गेली?"

धक्क्याचं रेकॉर्ड चाळीस सेकंदांचं होतं म्हणून माझं गणितही चाळीस सेकंदांचं. मी गप्प उभी राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, फाइल परत दिली फक्त.

त्या रात्री मी रेकॉर्डच्या शेवटी शून्यं जोडली. तीनशे सेकंद शून्य, म्हणजे जमीन अजिबात हलत नाही, नुसती वेळ जातेय. आणि बघत बसले. पन्नासाव्या सेकंदाला चिकणमातीच्या लगेच खालची वाळू, जी धक्का चालू असताना ०.७८वर होती (१ म्हणजे दाण्यांवर शून्य ओझं), ती ०.८५वर. खालून पाणी वर येत होतं, वर चिकणमातीने वाट अडवलेली. सत्तराव्याला ०.९३. नव्वद सेकंद झाले, कुठेही काही हलत नव्हतं, आणि तो पातळसा पट्टा स्क्रीनवर लाल झाला. तिथे दाण्यांवर काहीच ओझं उरलं नव्हतं. मी गणित दोनदा तपासलं, मेश, म्हणजे गणितातली जाळी, बारीक करून परत चालवलं, पाणी झिरपण्याचा वेग निम्मा केला, दुप्पट केला. लाल व्हायची वेळ पुढेमागे झाली, पट्टा लाल व्हायचा राहिला नाही.

सकाळी रिपोर्ट परत घेतला. कॉलम चिकणमाती पार करून खालच्या वाळूत नेले, म्हणजे पाण्याला वर निघायला दगडांतून वाट मिळेल. प्रत्येक कॉलम साडेतीन मीटरने लांब झाला, खर्च वाढला, त्यावरून दोन मीटिंगा झाल्या, दोन्हीत मी तो नव्वदाव्या सेकंदाचा आलेख भिंतीवर लावून उभी होते. दुसऱ्या मीटिंगच्या शेवटी वाढीव लांबीचं ड्रॉइंग सही होऊन आलं.